न मागता आलेली बुद्धिमत्ता : एका नव्या अभ्यासविषयाची प्रस्तावना

गेल्या काही वर्षांत आपल्या मोबाइलमध्ये आणि संगणकात एक मोठा बदल झाला, आणि त्यासाठी कोणालाही दुकानात जावे लागले नाही. रात्रीतून अपडेट झाले आणि सकाळी व्हॉट्सॲपच्या पडद्यावर एक निळसर गोल दिसू लागला. गूगलवर काही शोधले की सर्वांत वर यंत्राने लिहिलेले उत्तर येऊ लागले. ईमेलला उत्तर द्यायला घ्यावे, तो मजकूर लिहून देण्याचा प्रस्ताव पुढे हजर. विंडोजच्या टास्कबारवर मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट या मदतनिसाचे चिन्ह येऊन बसले. यातल्या बहुतेक गोष्टी आपण मागितल्या नव्हत्या. काही उपयोगी पडल्या, काहींकडे आपण लक्ष दिले नाही, आणि काहींविषयी मनात एक शंका राहून गेली : हे नेमके काय पाहते, कुठे पाठवते, आणि मला नको असेल तर ते बंद कसे करायचे? ज्या वाचकाच्या मनात ही शंका एकदा तरी येऊन गेली आहे, त्याच्या स्वागतासाठी ही प्रस्तावना लिहिली आहे.

विषयाची व्याप्ती आधी सांगायला हवी. मोबाइल, लॅपटॉप, ब्राउझर, ईमेल यांत कंपनीने आधीच बसवून दिलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या, म्हणजे एआयच्या, सुविधा ओळखणे. त्या आपली कोणती माहिती वाचतात हे समजून घेणे. आणि नको असतील त्या बंद करणे, हा या विषयाचा पाया. वरवर पाहता हे सेटिंगमधले पाच मिनिटांचे काम वाटते. पण हे बटण इतके आत का ठेवले आहे, मी बंद केलेले पुन्हा चालू कसे झाले, अमक्या सुविधेला बटणच का नाही, असे प्रश्न पडू लागले की मानसशास्त्र, बाजाराचे अर्थकारण, संगणकसुरक्षा आणि कायदा अशा एकेका शाखेची ओळख होत जाते. या विषयात येण्यासाठी अभियंता असण्याची अट नाही. स्वतःच्या हातातल्या यंत्राविषयी कुतूहल असले की पुरते.

एक गैरसमज मात्र सुरुवातीलाच दूर करू. बंद करायला शिकणे म्हणजे तंत्रज्ञानाशी वैर धरणे, असे अनेकांना वाटते. या विषयाचे अभ्यासक तसे मानत नाहीत. जी सुविधा बंद कशी करायची हे आपल्याला ठाऊकच नाही, ती आपण वापरतो असे म्हणता येत नाही. ती नुसती चालू असते. बंद करण्याचा रस्ता माहीत असूनही जो ती चालू ठेवतो, त्याने मात्र विचार करून निवड केलेली असते. म्हणून बंद करता येणे हे वापरता येण्याचेच दुसरे अंग आहे. पुढचे सारे विवेचन या एका विचाराभोवती फिरते.

न मागितलेली मदत संगणकाच्या जगाला नवी नाही. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस ९७ मध्ये क्लिपी नावाचा एक मदतनीस होता. कागदाला लावायच्या क्लिपच्या रूपातला हा मदतनीस, तुम्ही पत्र लिहायला घेतले की पडद्यावर येऊन मदत हवी का, असे विचारत असे. वापरणारे त्याला इतके कंटाळले, की २००१ च्या ऑफिस एक्सपीमध्ये कंपनीने त्याला मुळातच बंद ठेवले आणि ऑफिस २००७ मधून काढूनच टाकले. इतिहासातला हा प्रसंग छोटा असला तरी दोन गोष्टी शिकवतो. वापरणाऱ्यांची नाराजी अखेर कंपन्यांपर्यंत पोहोचते, ही पहिली. दुसरी अधिक महत्त्वाची. क्लिपीचे सगळे काम त्या एका संगणकाच्या आतच चालत असे. आजच्या मदतनिसांपैकी कित्येक आपला मजकूर दूरच्या सर्व्हरवर पाठवून त्याचे उत्तर आणतात. तेव्हा प्रश्न वैतागाचा होता. आज तो आपल्या खाजगी आयुष्याचाही झाला आहे.

मग लोक नको असलेल्या गोष्टी बंद का करत नाहीत? याचे उत्तर आळस या एका शब्दात देणे अन्यायाचे ठरेल. एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन या दोन संशोधकांनी २००३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात अवयवदानाविषयी एक लेख लिहिला. ऑस्ट्रियात नकार नोंदवला नाही तर संमती गृहीत धरली जात होती आणि जर्मनीत संमती स्वतःहून नोंदवावी लागत होती. दोन्ही देश शेजारी, भाषा एक, संस्कृती जवळची. तरीही संमतीचे प्रमाण जर्मनीत सुमारे १२ टक्के आणि ऑस्ट्रियात ९९.९८ टक्के होते. माणसांची मते इतकी वेगळी नव्हती. अर्जाची मूळ मांडणी वेगळी होती. आधीपासून जे ठरवून दिलेले असते तेच बहुतेक जण पुढे चालू ठेवतात, ही मानवी स्वभावातली खोल गोष्ट आहे आणि ती सुशिक्षितांनाही तितकीच लागू पडते.

या स्वभावाची बाजारातली किंमतही आपल्याला ठाऊक आहे. अमेरिकेत गूगलविरुद्ध चाललेल्या मक्तेदारीच्या खटल्यात असे उघड झाले, की ॲपलच्या सफारी ब्राउझरमध्ये आपले शोधयंत्र आधीपासून निवडलेले असावे यासाठी गूगलने एकट्या २०२२ सालात ॲपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिले. सफारीतले शोधयंत्र कोणालाही दोन-चार टिचक्यांत बदलता येते. तरीही इतकी रक्कम मोजली गेली, कारण बदलणारे थोडेच असतात. वाचकांनी ही दोन उदाहरणे मनाशी धरून पुढे यावे. एखादी एआय सुविधा आधीपासून चालू ठेवून देणे हा तांत्रिक तपशील नसून फार मोठा निर्णय असतो, आणि तो आपल्या वतीने दुसऱ्या कोणी तरी घेतलेला असतो, हे त्यावरून स्पष्ट होते.

या क्षेत्रातले सर्वांत बोलके प्रकरण विंडोजच्या ‘रिकॉल’ या सुविधेचे आहे आणि नवख्या वाचकाने अभ्यासाची सुरुवात तिथूनच करावी. २० मे २०२४ रोजी मायक्रोसॉफ्टने कोपायलट प्लस या नव्या पिढीच्या संगणकांसोबत रिकॉलची घोषणा केली. कल्पना अशी, की संगणक दर काही सेकंदांनी पडद्याचे छायाचित्र घेऊन ठेवील आणि पुढे कधीही ‘मी त्या दिवशी पाहिलेली ती निळी साडी कुठल्या संकेतस्थळावर होती’ असे विचारले तर ते शोधून देईल. छायाचित्रे संगणकातच राहतील, बाहेर जाणार नाहीत, अशी ग्वाही होती. पण सुरक्षातज्ज्ञांनी चाचणीची आवृत्ती तपासली तेव्हा पडद्यावरच्या मजकुराची ती सारी नोंद एका साध्या डेटाबेसमध्ये सहज वाचता येईल अशा रूपात सापडली. संगणकात शिरकाव केलेल्या कोणालाही माणसाचा महिनोन्‌महिन्यांचा दिनक्रम एकाच फायलीत मिळाला असता. बँकेचे व्यवहार, डॉक्टरांचे अहवाल, कुटुंबातली बोलणी, सगळेच.

पुढे जे घडले ते या विषयाच्या अभ्यासकांना अभिमान वाटावे असे आहे. तीव्र टीकेनंतर ७ जून २०२४ रोजी कंपनीने जाहीर केले, की रिकॉल मुळात बंद असेल आणि वापरणाऱ्याने स्वतः चालू केले तरच काम करील. आठवड्याभरात तिचे आगमनच पुढे ढकलले गेले. नोव्हेंबरमध्ये ती चाचणी करणाऱ्यांपर्यंत आणि एप्रिल २०२५ मध्ये सर्वसाधारण वापरकर्त्यांपर्यंत पोहोचली, तेव्हा नोंदी कूटबद्ध केलेल्या होत्या, त्या उघडायला चेहरा किंवा बोटाचा ठसा यांसारखी ओळख पटवणे आवश्यक केले होते, आणि ती संगणकातून पूर्ण काढून टाकण्याची सोयही दिलेली होती. मे २०२५ मध्ये सिग्नल या संदेशसेवेने विंडोज ११ वरील आपल्या खिडकीचे छायाचित्र घेताच येऊ नये अशी व्यवस्था मुळातच चालू करून ठेवली. संदेश पाठवणारा काळजी घेत असला, तरी ज्याला संदेश गेला त्याच्या संगणकात रिकॉल चालू असेल तर काय, हा प्रश्न त्यामागे होता. गोपनीयता ही एकट्याची बाब नसते, हे त्यावरून कळते.

दुसरे प्रकरण गोपनीयतेचे नसून अचूकतेचे आहे. ॲपलने ऑक्टोबर २०२४ मध्ये आयफोनवर ‘ॲपल इंटेलिजन्स’ आणले. आलेल्या अनेक सूचनांचा एका ओळीत सारांश करणे हा त्यातला एक भाग. डिसेंबरमध्ये या सारांशाने बीबीसीच्या नावाखाली, खुनाच्या आरोपाखाली अटकेत असलेल्या एका माणसाने स्वतःवर गोळी झाडून घेतल्याची धादांत खोटी बातमी लोकांच्या पडद्यावर दाखवली. बीबीसीने तक्रार केली. जानेवारी २०२५ मधल्या आयओएस १८.३ या आवृत्तीत ॲपलने बातम्यांच्या ॲपसाठीचे सारांश थांबवले. पण लक्षात घेण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. त्याच आवृत्तीपासून, ज्या फोनांवर ॲपल इंटेलिजन्स चालू शकते, त्यांवर ते आपोआप चालू होऊन येऊ लागले. एक दार बंद झाले त्याच दिवशी दुसरे उघडले. आवृत्तीच्या टिपणातल्या दोन ओळी किती जपून वाचाव्या लागतात, याचा हा धडा आहे.

आता प्रत्यक्ष अभ्यासाकडे वळू. नवखा वाचक बहुधा गोंधळतो तो बटणांच्या संख्येमुळे. त्यांची नीट विभागणी केली की गोंधळ बराच कमी होतो. घरातल्या दिव्यांचे पाहा : काहींचे बटण त्या खोलीतच असते, काहींसाठी जिन्याखालच्या मीटरपेटीपर्यंत जावे लागते, आणि रस्त्यावरचा दिवा आपल्या खिडकीत उजेड पाडत असला तरी त्याचे बटण नगरपालिकेकडे असते. एआय सुविधांचेही असेच तीन थर आहेत : ॲपच्या आत बंद होणाऱ्या, उपकरणाच्या किंवा खात्याच्या मुख्य सेटिंगमध्ये बंद होणाऱ्या, आणि आपल्याला बंद करताच न येणाऱ्या.

पहिल्या थरातले उदाहरण म्हणजे वर्ड. ‘फाइल’मधून ‘ऑप्शन्स’मध्ये गेले की कोपायलटचा विभाग दिसतो आणि तिथली खूण काढली की त्या ॲपपुरता कोपायलट थांबतो. एक्सेल आणि पॉवरपॉइंटमध्ये मात्र हेच पुन्हा वेगळे करावे लागते, आणि दुसऱ्या संगणकावर पुन्हा. विंडोजमधले स्वतंत्र कोपायलट ॲप इतर कोणत्याही ॲपसारखे काढून टाकता येते. ब्राउझरच्या बाबतीत फायरफॉक्सने फेब्रुवारी २०२६ मधल्या १४८ व्या आवृत्तीत एआय नियंत्रणांचे स्वतंत्र पान दिले आणि त्यावर सध्याच्या व पुढे येणाऱ्याही एआय सुविधा एकत्र बंद ठेवणारे एकच बटण ठेवले. अशी सोय देणे शक्य आहे, याचा हा चांगला दाखला.

दुसरा थर उपकरणाचा आणि खात्याचा. आयफोनवर सेटिंगमध्ये ‘ॲपल इंटेलिजन्स आणि सिरी’ या पानाच्या सुरुवातीलाच मुख्य बटण आहे. अँड्रॉइडवर डिजिटल असिस्टंट म्हणून कोणते ॲप असावे हे ‘डीफॉल्ट ॲप्स’मध्ये ठरते आणि तिथे ‘काहीही नाही’ हा पर्यायही असतो. सॅमसंगच्या फोनवर गॅलेक्सी एआयसाठी माहितीची प्रक्रिया फक्त फोनमध्येच करण्याचा पर्याय आहे. तो निवडला की सर्व्हर लागणाऱ्या सुविधा थांबतात आणि फोनमध्येच चालणाऱ्या सुरू राहतात. संपूर्ण नकार आणि संपूर्ण होकार यांच्या मधला हा मार्ग अनेकांना सोयीचा वाटेल. गूगलचा जेमिनी हा एआय मदतनीस वापरणाऱ्यांनी फोनइतकेच गूगल खात्याकडे लक्ष द्यावे. संभाषणे जतन करण्याची सोय खात्यात बंद करता येते. मात्र ती बंद असतानाही संभाषणे ७२ तासांपर्यंत ठेवली जातात, आणि माणसांनी तपासलेली संभाषणे तीन वर्षांपर्यंत राहू शकतात, असे गूगलच सांगते. त्यामुळे बंद करणे म्हणजे पुसणे, असे समजू नये.

तिसरा थर संयम शिकवतो. गूगल शोधाच्या वर येणारा एआय सारांश भारतात ऑगस्ट २०२४ मध्ये आला. तो कायमचा बंद करण्याचे बटण गूगलने दिलेले नाही. शोधल्यानंतर ‘वेब’ हा टॅब निवडला की मात्र पूर्वीसारखे नुसते दुवे दिसतात. डकडकगो या शोधयंत्रात हे सारांश सेटिंगमधून बंद करता येतात, म्हणजे अडचण तंत्राची नाही. व्हॉट्सॲपमधला मेटा एआय या मदतनिसाचा गोलही काढता येत नाही. तो न वापरणे आपल्या हाती आहे. शिवाय एप्रिल २०२५ पासून प्रत्येक संभाषणात ‘प्रगत चॅट गोपनीयता’ चालू करता येते. त्यामुळे त्या संभाषणातला मजकूर इतरांना एक्सपोर्ट करता येत नाही किंवा एआय सुविधांसाठी वापरता येत नाही.

इथे एका अफवेचा उल्लेख करणे आवश्यक आहे, कारण ती मराठी गटांतही पुष्कळ फिरली. ही प्रगत गोपनीयता चालू केली नाही तर मेटा एआय तुमच्या गटातले सगळे संदेश आणि फोन क्रमांक वाचते, असे त्या संदेशात म्हटले होते. ते खरे नाही. वैयक्तिक संदेश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत कूटबद्ध असतात, आणि मेटा एआयकडे तेच पोहोचते जे कोणी त्याला उद्देशून लिहितो किंवा त्याला दाखवतो. मात्र त्याच्याशी केलेले बोलणे तसे संरक्षित नसते, आणि डिसेंबर २०२५ पासून मेटा बहुतेक देशांत अशा बोलण्याचा उपयोग जाहिराती आणि मजकूर निवडून दाखवण्यासाठी करू शकते. भीती नेमक्या जागी असावी आणि नेमक्या मापाची असावी, हे या अभ्यासाचे एक मोठे देणे आहे. पुढे पाठवण्याआधी तपासण्याची सवय इथे जितकी उपयोगी, तितकी कुठेच नाही.

तीन थर ओळखीचे झाले की पद्धतीकडे या. वाचकांनी प्रत्येक सुविधेला चार प्रश्न विचारावेत. ती कुठे चालते, फोनमध्ये की सर्व्हरवर? ती काय पाहते, केवळ मी तिला दिलेला मजकूर की पडद्यावरचे सगळे? तिचे बटण कोणत्या थरात आहे? आणि ती बंद केली तर तिच्याबरोबर आणखी काय बंद होते? शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. जीमेलमधली स्मार्ट फीचर्स बंद केली की एआयची मदत थांबते, पण त्याबरोबर प्रायमरी, प्रमोशन्स अशी पत्रांची वर्गवारीही जाते आणि सगळी पत्रे एकाच ढिगात येऊ लागतात. कोणाला ते चालेल, कोणाला चालणार नाही. म्हणून एका वेळी एकच सुविधा बंद करावी, काही दिवस वापरून पाहावे, मग पुढच्या सुविधेला हात लावावा. काय, कधी, कुठे बंद केले याची साध्या वहीत नोंद ठेवावी. मोठे अपडेट आले की ती वही उघडून प्रत्येक बटण पुन्हा पाहावे. हे काम कंटाळवाणे वाटेल, पण यानेच तुम्ही स्वतःच्या यंत्राचे जाणकार व्हाल.

सरसकट सगळे बंद करण्याचा मोहही टाळायला हवा. स्पॅम ओळखणारी गाळणी, फसवणुकीच्या फोनबद्दल सावध करणारी सोय, अंधुक उजेडातला फोटो उजळणारा कॅमेरा, या सगळ्यांत यंत्रशिक्षण, म्हणजे एआयचाच एक प्रकार, आहे आणि ते वर्षानुवर्षे मुकाट्याने काम करत आहे. मराठीत तर याला विशेष महत्त्व आहे. देवनागरी टंकन न शिकलेली कित्येक माणसे आज बोलून मराठी लिहितात. ज्यांना दिसत नाही त्यांना टॉकबॅकसारखी साधने पडदा वाचून दाखवतात आणि चित्राचे वर्णनही ऐकवू शकतात. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर उत्साहाच्या भरात सगळी बटणे बंद करून टाकणे म्हणजे त्यांच्या वतीने पुन्हा दुसऱ्या कोणी तरी निर्णय घेणे. आजीला काय उपयोगी पडते ते आधी तिला विचारा, बटण तिला दाखवा, आणि ते तिलाच दाबू द्या.

ज्यांच्या हातात इतरांची गुपिते असतात त्यांनी मात्र अधिक काटेकोर असावे. डॉक्टर, वकील, पत्रकार, समुपदेशक, हिशेबनीस आणि शिक्षक यांच्या संगणकावर अशिलांची, रुग्णांची, मुलांची माहिती असते आणि त्या माणसांनी एआयला संमती दिलेली नसते. भारताच्या अर्थ मंत्रालयानेही जानेवारी २०२५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधने वापरू नयेत अशी सूचना दिली होती, ती सरकारी माहितीच्या गोपनीयतेच्या कारणाने. लहान दवाखान्याला किंवा वकिलाच्या कार्यालयालाही हाच विचार लागू होतो.

कायद्याची बाजू या विषयाला बळ देते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने मान्य केले. त्यानंतर माहितीसंरक्षणाच्या कायद्याचा पहिला आराखडा ज्या समितीने दिला, तिचे अध्यक्ष न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण होते, ज्यांचे नाव मुंबईच्या दंगलींच्या चौकशीमुळे महाराष्ट्राला चांगलेच परिचित आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात दोन तरतुदी आपल्या विषयाच्या गाभ्याशी भिडतात. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे, ही एक. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय मिळाला पाहिजे, ही दुसरी. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. ग्राहकांना फसव्या मांडणीने अडकवण्याचे तेरा प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत नोंदवले आहेत. सतत टुमणे लावणे आणि नको ते करायला भाग पाडणे हे दोन्ही त्यांत येतात.

हा प्रश्न इतर देशांतही न्यायालयापर्यंत गेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा व ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्ध दावा लावला. वर्ड, एक्सेल यांच्या योजनेत कोपायलट जोडून वर्गणी वाढवताना, कोपायलट नसलेली जुन्या दराची योजना उपलब्ध आहे हे सुमारे २७ लाख ग्राहकांना नीट सांगितले गेले नाही, असा आयोगाचा आरोप आहे. ती योजना वर्गणी रद्द करण्याच्या वाटेवर गेल्यावरच दिसत होती. कंपनीने नंतर माफी मागितली आणि परतावा देऊ केला. बंद करण्याचा पर्याय असणे पुरेसे नाही, तो दिसलाही पाहिजे, हा मुद्दा या दाव्याने ठळक केला.

मराठीत या विषयावर करण्याजोगे काम अजून पुष्कळ आहे आणि म्हणूनच नव्या वाचकाचे इथे मनापासून स्वागत आहे. कंपन्यांची मदतीची पाने प्रामुख्याने इंग्रजीसाठी लिहिलेली असतात, आणि मराठीत ठेवलेल्या फोनवर त्याच बटणाचे नाव वेगळे दिसते. बहुतेक घरांत नवा फोन मोबाइलच्या दुकानातच सुरू करून मिळतो. पडद्यावर आलेल्या प्रत्येक प्रश्नाला काउंटरवरचा मुलगा भराभर होकार देतो आणि आपण फक्त पासवर्ड टाकतो. ज्येष्ठ नागरिक संघ, सार्वजनिक वाचनालये, बचत गट, शाळांचे पालक मेळावे, या ठिकाणी तासाभराचे एक सत्र घेऊन ही दरी भरून काढता येईल. त्यासाठी मराठी पडद्यावर नेमके कोणते शब्द दिसतात हे टिपून ठेवणारी माणसे हवीत. असे टिपण तयार करणारा प्रत्येक जण या अभ्यासात भरच घालत असतो.

वाचनाचा क्रम विचाराल, तर आधी स्वतःचा फोन वाचा. त्यानंतर रिकॉलचे प्रकरण तारखांसह समजून घ्या, कारण त्यात सुरक्षा, मांडणी आणि लोकमत ही तिन्ही अंगे एकत्र भेटतात. मग मूळ मांडणीच्या मानसशास्त्राकडे वळा आणि शेवटी कायद्याकडे. सेटिंगची नावे आणि जागा बदलत राहतील. इथे सांगितलेल्यांपैकी काही उद्या दुसऱ्या पानावर गेलेली असतील. चार प्रश्न मात्र बदलणार नाहीत. आज संध्याकाळी फोनमधली एकच एआय सुविधा निवडा, तिला ते चारही प्रश्न विचारा, आणि ती चालू ठेवायची की बंद, हे स्वतः ठरवा. दोन्हींपैकी कोणतेही उत्तर बरोबर असू शकते. ते तुमचे असावे, एवढाच या अभ्यासाचा आग्रह आहे.